माझ्या नावाचं खाचर

खोली दाखवायच्या आधीच घरमालक चाचांनी मला विचारलं होतं, "कांद्याची टरफलं कुठं टाकती?"

मी देवगाव रंगारीहून बॅग घेऊन थेट चिकलठाण्याला उतरलेली. औषधाच्या एका कंपनीत तपासणी विभागात नवी नोकरी लागलेली. डोक्यात पाणी किती वेळ येतं, सेकंड शिफ्टवरून आल्यावर गेट कोण उघडणार, असले प्रश्न. आणि हा उंच, किडकिडीत म्हातारा टरफलं विचारतोय! "कचऱ्यात," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू कुणाच्या तरी पुढ्यातली भाकरी उचलून घेतली होती.

"तो कचरा नसतो बेटी," असं म्हणून ते किल्ली घेऊन जिना चढायला लागले. खोली मिळाली. अट एकच. जिन्याखाली माझ्या नावाची एक बादली राहणार. तिच्यात भाजीचे देठ, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं टाकायची. प्लास्टिकचा एक तुकडा जरी निघाला तरी खोली खाली.

मला वाटलं, बोलतात नुसतं. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दार वाजवून माझ्या तळहातावर शॅम्पूच्या पुडीचा कोपरा ठेवला. नखाएवढा. "हे कोण खाणार? तू खाशील?" बरं, आवाज केवढा! चाचा जन्मभर एका कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. बॉयलरच्या आवाजात बोलून बोलून त्यांना हळू बोलायचं माहीतच राहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचा बँकेतला क्लार्क, शेजारच्या खोलीतली नर्स, सगळ्यांना त्या दिवशी कळलं की मी कोणता शॅम्पू वापरते.

आता हे सगळं कशासाठी, तर भातासाठी.

पैठणच्या पुढं कालव्याच्या कडेला चाचांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची मिळून पाच एकर जमीन होती. कालवा वर्षानुवर्षं पाझरून ती चिबड झालेली. चिबड म्हणजे पाणी खाली मुरत नाही, पाय टाकला की नडगीपर्यंत रुततो आणि ऊन पडलं की वर पांढरा खार फुटतो. तिथं ना ज्वारी येत होती, ना तूर, ना कापूस. सगळ्यांनी नाद सोडला होता. चाचा रिटायर झाले आणि म्हणाले, "पाणी हटत नाय ना? हौ, मग पाण्यातच उभं राहणारं पीक लावतो." कारखान्यात त्यांच्या शिफ्टला भंडाऱ्याकडचा एक जोडीदार होता. त्याच्याकडून बियाणं आलं, रोप कसं टाकायचं, चिखल कसा करायचा ते आलं. खाचर हा शब्दसुद्धा आला. आमच्याकडं शेताच्या तुकड्याला वाफा म्हणतात. गावातले लोक भातालाही हसले आणि खाचराला तर पोट धरून हसले.

मी फोनवर बाबांना सांगितलं. आमच्या घरात तीन पिढ्या कापूस. बाबा म्हणाले, "पैठणला साळ लावतोय? घरमालक बदल बाई."

पण चाचांच्या येडेपणाला शिस्त होती. आधी कडेनं चर खोदून खार वाहून जाऊ द्यायचा. मग धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं झाड, पेरायचा, तो कमरेएवढा झाला की फुलायच्या आत उभाच्या उभा चिखलात तुडवायचा. शेण, भाताचा तूस, तुसाची राख आणि आम्हा भाडेकरूंच्या बादल्या, हे सगळं थरावर थर रचून कुजवायचं आणि खाचरात घालायचं. युरियाची गोणी त्यांनी बांधावर चढू दिली नाही. "धक्का मारून गाडी चालू होती," ते म्हणायचे, "चालत नसती. टाकीत काहीतरी लागतं का नाय?"

प्रत्येक खाचराला भाडेकरूचं नाव. ज्याची बादली त्या खाचरात गेली, त्याचं ते. खोली सोडून लातूरला गेलेल्या एका मास्तरांचं खाचर अजून मास्तरांचंच होतं. आणि साळ निघाली की ज्याच्या त्याच्या खाचरातला तांदूळ पोटलीत बांधून ज्याच्या त्याच्या दारात. मास्तरांची पोटली लातूरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती जायची.

कंडक्टर लोकांशी त्यांचं सूत कसं जमलं, तो एक किस्साच आहे. दर रविवारी सकाळी चाचा आमच्या बादल्या एका झाकणाच्या डब्यात ओतून पैठणच्या बसमध्ये चढायचे. मी एकदा सोबत होते. नव्या कंडक्टरनं नाक दाबलं. "काय आहे डब्यात?"

"जेवण."

"कुणाचं हो?"

"जमिनीचं. आठ दिवसांची उपाशी हाय. तू थांबवतो का तिला अजून?"

बस हसली. कंडक्टरनं त्यांना मागच्या खिडकीची जागा दिली आणि पैठण येईपर्यंत तो स्वतः पुढच्या दारात उभा राहिला. मी खाली मान घालून बसले होते. आपण यांच्यासोबत नाही, असं दाखवायची माझी सगळी धडपड. पण चाचा मागून ओरडले, "बेटी, तुझं मेथीचं देठ लई ताजं होतं बरं का!"

अशा माणसाचा राग तरी किती दिवस धरणार? त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला तो बाबांच्या हाती. मला साधा फोनसुद्धा केला नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही. कामावर जायची, यायची, झोपायची. पाचव्या दिवशी दार वाजलं. चाचा बादली घेऊन उभे.

"हे काय?" मी विचारलं.

"तेच म्हणतो. हे काय? सोमवारपासून चहाचा चोथा सोडून काहीच नाय हिच्यात. सहा सहा वेळा चहा घेती, भाजी चिरत नाय, अंडं फोडत नाय. माझ्या मातीला उपाशी मारती व्हय?" आवाज नेहमीचाच, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. मग मागं वळून तसेच ओरडले, "अजी सुनती क्या? खिचडी लेके आव!"

चाची खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा घेऊन आली. चाचीला मराठी समजायचं पण ती बोलायची नाही. तिनं ताट पुढं सरकवलं. मी घास घेतला आणि रडायलाच लागले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चाचा जिन्यात उभे राहून भिंतीचा पोपडा खरवडत होते. खिचडी संपल्यावर त्यांनी माझ्याच देखत चाचीकडून कांद्याची टरफलं मागून घेतली आणि माझ्या बादलीत टाकली. त्या दिवसापासून मी कांदा चिरला की पहिली आठवण चाचांची यायची.

आता कापडाचं सांगते, कारण खरा घोळ तिथंच झाला.

माती जिवंत आहे का मेली, हे बघायची चाचांची एक तऱ्हा होती. लावणीच्या वेळी प्रत्येक खाचरात एक सुती कापड वीतभर खोल गाडायचं, वर निशाणीला काडी रोवायची. दसऱ्यानंतर खाचरातलं पाणी सोडलं की ते उकरायचं. माती जिवंत असली तर ती सूत खाऊन टाकते, चिंध्या उरतात. मेलेली असली तर कापड जसंच्या तसं. "पीक बघून फसायला होतं," ते म्हणायचे, "पीक कधी खताचं असतं, कधी पाण्याचं. कापड फक्त मातीचं असतं."

कापड भाडेकरूनंच द्यायचं आणि वापरलेलं द्यायचं. नव्याला खळ असते, माती तोंड लावत नाही म्हणे. आणि कोणतं कोणाचं ते कळावं म्हणून चाची त्याच्या कोपऱ्यात गोधडीच्या जाड सुईनं आणि लाल सुती दोऱ्यानं नाव घालायची. तिला उर्दूच लिहिता यायचं. त्यामुळं माझं नाव मलाच वाचता आलं नव्हतं.

मी माझी पांढरी ओढणी फाडून अर्धी दिली. आठवडी बाजारातून घेतलेली. विकणारा म्हणाला होता, शुद्ध कॉटन. मी म्हटलं असेल.

त्याच वर्षी धाकटे भाऊ हट्टाला पेटले. आम्ही त्यांना छोटे चाचा म्हणायचो. त्यांची अर्धी जमीन तशीच पांढरी पडून होती. त्यांना वीटभट्टीवाला भेटला होता, वरची दोन फूट माती खरवडून न्यायला तयार होता. छोटे चाचा म्हणाले, "जमीन तर आपलीच राहती. माती तेवढी जाती."

"म्हणजे ताट आपलं आणि जेवण भट्टीचं," चाचा म्हणाले.

पण खरी भीती वेगळीच होती. भावाची बाजू दोन फूट खाली गेली की चाचांच्या खाचरांत पाणी थांबणारच नव्हतं. सगळं त्या खड्ड्यात उतरलं असतं. भात संपला, खाचरं संपली, मास्तरांचं, नर्सचं, बँकवाल्याचं, सगळ्यांचं. पाच वर्षांचं काम एका मशीनच्या एका दिवसात. चाचांची भूक गेली. खरंच गेली, चाचीनं सांगितलं. बादलीवाल्याच्या घरातलीच बादली रिकामी राहायला लागली.

शेवटी भावा-भावांत शर्त लागली. छोटे चाचा म्हणाले, "जुन्या खाचरांत तुम्ही पाच पाच वर्षं ओतलं. त्याचं मला नका सांगू. माझ्या बाजूला लागून कोपऱ्यातलं नवं खाचर हाय, ते एका सालात जितं झालं असलं, तर माझी पण जमीन होईल. मग मी भट्टीवाल्याला नाही म्हणतो. कापड अख्खं निघालं तर मी फोन लावतो. मान्य?"

"मान्य," चाचा म्हणाले.

कोपऱ्यातलं नवं खाचर म्हणजे माझं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघं गेलो. चाचा, चाची, मी आणि मोटारसायकलवर छोटे चाचा. चाची कित्येक वर्षांनी शेतात आलेली. साळ पिवळी पडलेली, बरी वाटत होती, पण तिच्याकडं कोणी बघत नव्हतं. आधी जुनी खाचरं उकरली. नर्सच्या ओढणीच्या चार दशा निघाल्या. बँकवाल्याच्या बनियनचं नुसतं लेबल निघालं. चाचा दर वेळी माझ्याकडं बघून भुवया उडवायचे. मग माझ्या काडीपाशी बसले, खुरप्यानं दोन घाव घातले आणि हात घालून ओढलं.

कापड अख्खं निघालं.

चिखलानं काळं, पण अख्खं. चाचांनी ते दोन्ही हातांनी ताणलं. टर्र होईल म्हणून आम्ही बघतोय, तर तारसुद्धा तुटली नाही. छोटे चाचांच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मी सांगून ठेवते. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला आणि खिशातून फोन काढला. चाचा बांधावर बसले. मग पहिल्यांदाच, मी ओळखत होते तेव्हापासून पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले. "माझी चूक झाली. घाई केली मी. एक साल कमी होतं तिला."

मला ते ऐकवेना. त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं, पण असं हळू बोलू नये, असं वाटत होतं.

चाचीनं मात्र सवयीनं ते कापड उचललं, चराच्या पाण्यात खळखळ धुतलं, पिळलं, झटकलं. धुतलेल्या कापडाला घडी घालायची म्हणून कोपरे जुळवले आणि थांबली. एक कोपरा बघितला, दुसरा बघितला, उलटं करून चारी बघितले.

"मेरा टांका किधर गया?"

छोटे चाचांच्या कानाला फोन, पलीकडं रिंग वाजतेय. ते म्हणाले, "निकल गया होंगा भाभी."

झालं! चाची अशी काही कडाडली की बांधावरचे बगळे उडाले. "मेरा टांका निकलता क्या? चौपदरी दोरा था! तुम्हारे शादी की गोधडी किसने सी? बीस बरस से ओढके सोते ना? निकला क्या एक बी टांका?"

छोटे चाचांनी फोन कट केला. त्यांनी कापड घेतलं आणि उन्हाकडं धरलं. कोपऱ्यात बारीक बारीक भोकं होती, जाड सुईची, ओळीनं. दोरा कुठंच नव्हता. लाल धाग्याचा तुसभर अंशसुद्धा नव्हता. नुसत्या भोकांतून ऊन येत होतं. त्यांनी डोळे बारीक केले आणि उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर लावत, माझं नाव वाचलं.

तोपर्यंत ते मला कधी नावानं बोलले नव्हते. मी आपली "किरायेवाली".

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी छोटे चाचांची काडेपेटी मागितली आणि ओढणीच्या टोकाला काडी लावली. सूत असतं तर भुरूभुरू जळून राख झाली असती. ती आकसली, वितळली आणि टोकाला काळा कडक मणी झाला. प्लास्टिक. मातीनं सुती दोरा तेवढा खाल्ला होता आणि ओढणी सोडली होती. शुद्ध कॉटन म्हणे! काडी लावून सूत ओळखायचं मला बाबांनी सातवीत असताना शिकवलेलं. तीन पिढ्या कापसाच्या घरातली मी, कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे नमुने तपासणारी मी, आणि स्वतःच्या गळ्यातली ओढणी कसली आहे ते बघितलं नाही. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या जमिनीनं मलाही खाल्लं असतं, एवढं मात्र आता सिद्ध झालं होतं.

चाचांना समजायला क्षणभर वेळ लागला. मग ते उठले आणि त्यांचा बॉयलरवाला आवाज परत आला. "कापूसवाल्याची पोर! नखाएवढ्या पुडीसाठी मी तुला बोललो आणि तू दीड हात प्लास्टिक चारलं तिला? खोली खाली कर!" म्हणता म्हणता ते हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि चिखलाच्या हातांनी पुसल्यामुळं सगळं तोंड काळं झालं. चाचीनं पदर ओला करून ते पुसलं. माझ्या देखत, दिराच्या देखत. नाहीतर ती चार माणसांत त्यांच्या शेजारीसुद्धा बसायची नाही.

छोटे चाचांनी फोन खिशात टाकला. कापडाची नीट घडी घातली, चाचीला दिली, आणि आपल्या पांढऱ्या जमिनीकडं बघत म्हणाले, "भाईजान, माझ्या बाजूचा चर कधी खोदायचा?"

खोली मला खाली करावी लागली नाही. पुढं तीन वर्षं मी तिथंच राहिले. मग चांगल्या माणसाशी लग्न होऊन जालन्याला आले. पोटली दर वर्षी येते, लाल दोऱ्यानं माझं नाव घातलेली. सोबत चाचांचा निरोप असायचा: जुनं सुती कापड पाठव, आधी काडी लाव.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, आणि जिन्याखाली बादल्या तशाच ओळीनं. एकीवर अजून माझं नाव. मला तिथंच रडू फुटलं, घरात जायच्या आधी. इतक्या भाडेकरूंच्या नावाची खाचरं केली या माणसानं, स्वतःच्या नावाचं एकही नाही, हे मला तेव्हा कळलं.

चाचीला ते आधीच ठाऊक होतं. पावसाळ्यात छोटे चाचांच्या बाजूला, जिथं सगळ्यात जास्त खार होता तिथं, तिनं चाचांचा जुना सुती कुर्ता गाडायला लावला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं चाचांचं नाव.

परवा छोटे चाचांचा फोन आला. आवाज ओला होता.

"बेटी, आज काडीजवळ उकरलं. कोपरापर्यंत हात घातले, चारी बाजूनं बघितलं. भाईजानचा कुर्ता नाय सापडला. एक चिंधी नाय, एक धागा नाय. गुंडी निघाली फक्त, एक."

नाक पुसत मी विचारलं, "चाची कुठंय?"

"हे काय, इथंच. ती गुंडी माझ्या सदऱ्याला लावतीय. अंगावरच."

आणि मागून चाचीचा आवाज आला, "हिलो नक्को, सुई लगेगी."